शेवटला नको, मन्हा

सुमनताईंच्या साठीनिमित्त चार शब्द लिहा, असं मंडळींनी सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. कौतुक इतरांनी करावं. मी आजवर ताईंवर जळतच आलो आहे, आणि ते लपवून लिहिणं मला जमणार नाही.

ओळख झाली ती शहाद्याच्या एका दवाखान्यात. ताई केसपेपरच्या खिडकीवर नोंदी घेत आणि नोंदींचा प्रोग्राम माझा होता. काय घमेंड होती मला त्याची! नोंद साठवली की संगणक तिला आपोआप नंबर देई. मग माझा प्रोग्राम यादीतला शेवटचा नंबर वाचून कागदावर छापी. खिडकी एक होती तोवर सगळं सुरळीत चाललं. गर्दी वाढली आणि शेजारी दुसरी खिडकी उघडली.

एका सोमवारी सारंगखेड्याच्या एका गरोदर बाईंच्या कागदावर शेजारच्या खिडकीवर नोंद केलेल्या दुसऱ्या बाईंचा नंबर छापला गेला. त्या दुसऱ्या बाई घरी निघताना कागद दाखवायला आल्या, तेव्हा गरोदर बाईंच्या कागदावरही हाच नंबर होता, हे ताईंनी ओळखलं. तशाच वॉर्डात धावल्या. गरोदर बाईंसाठी रक्त मागवायची चिठ्ठी त्या चुकीच्या नंबरावरून भलत्याच गटाची निघाली होती; ती त्यांनी अडवली.

मी लगेच खिडकीवाल्यांच्या घाईवर खापर फोडलं. ताई भांडल्या नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊ, तुन्हा प्रोग्राम शेवटला नंबर इचारस. दोन जन एकदमच उनात ते शेवटला कोना? मन्हा नंबर कोनता, आसं इचार ना!" दोघं एकदम आले तर शेवटचा कोणाचा; त्यापेक्षा माझा कोणता, असं विचार, एवढंच त्यांचं म्हणणं.

अहो, बारावी कला शिकलेल्या बाई! आपल्या खिडकीच्या जोडणीवरून आपण नुकत्याच केलेल्या नोंदीला कोणता नंबर मिळाला, हे थेट विचारायची सोय डेटाबेसमध्ये होतीच. मी माहितीपुस्तकातलं ते पान न वाचताच पुढे गेलो होतो. एक ओळ बदलली आणि घोळ संपला. माझा जळफळाट मात्र तेव्हापासून सुरू झाला.

बैठकीत मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, हे कुणी सुधारलं? ताई शांतपणे म्हणाल्या, "भाऊंनी." मला शाल आणि नारळ मिळाला. मी तोंड उघडलं नाही. ताईंच्या नोंदीचा नंबर माझ्या कागदावर छापला गेला, आणि या वेळी चूक प्रोग्रामची नव्हती.

ती शाल मी कधी वापरली नाही. सत्काराच्या दिवशी घेऊन येतोय. ताई, ती तुमची आहे. गुडघे सांभाळा, ठणठणीत राहा, शंभरी गाठा. तुमच्यावर जळायची सवय मला आता सुटायची नाही.