बोडेनझेला वाहिलेला नारळ

दक्षिण जर्मनीला समुद्र नाही. तरीही आम्ही त्याला नारळ वाहिला.

याचे सारे श्रेय माझे. बोडेनझे हे सरोवर इतके विस्तीर्ण, की त्याच्या काठच्या लिंडाऊ गावाने बंदर, दीपस्तंभ, गलबते असा समुद्राचा अवघा संसार थाटला आहे. तिथल्या उन्हाळी उत्सवात माझी अकरा वर्षांची रेवा प्रथमच नौकाशर्यतीत उतरणार होती. वर्षभर त्या एका दिवसासाठी तिने वल्ही मारली होती. निघताना तिने जर्मनमध्ये बजावले, "आई, तिथे काहीही करू नकोस. प्लीज!"

पण त्याच दिवशी नारळी पौर्णिमा! हवेत तळलेल्या माशांचा खमंग दरवळ, लाटांवर उन्हाचा सोनेरी चुरा आणि शेजारी साक्षात अलिबागच्या सासूबाई. माझ्यातली कविता उचंबळून आली. (ती कुणालाही न विचारता येते.) मी पिशवीतून हळदकुंकू लावलेला नारळ काढला.

"अगं, हे गोडं पाणी!" सासूबाई म्हणाल्या. "वरुणदेव इथे कशाला येतोय?"

"अहो आई, देवाला का पाण्याची चव विचारायची असते?" मी म्हणाले आणि डोळे मिटून नारळ सोडला.

मग आम्ही दोघी मासे खायला गेलो. वाऱ्याने मात्र माझी श्रद्धा थेट शर्यतीच्या मार्गात नेली.

आम्ही परतलो तेव्हा रेवाची नाव सर्वांत पुढे होती. मी आनंदाने ओरडणार, तोच गर्दीतून किंकाळी उठली, "कुणीतरी बुडतंय!"

खरेच, दूर पाण्यात एक डोके खालीवर होत होते. भोंगा वाजला. शर्यत थांबली. जीवरक्षकांची बोट सुसाटत निघाली.

"बिचारा!" मी गहिवरले. "आई, केस बघा हो त्याचे, कसे विस्कटलेत! आणि कपाळावर रक्त!"

सासूबाईंनी चष्मा सारखा केला. "रक्त कसलं? कुंकू आहे ते. आपला नारळ आहे तो."

एक धिप्पाड जीवरक्षक शेंडी धरून नारळ उंचावत धक्क्यावर उतरला. "हे कुणाचं?"

मी गर्दीत विरघळून जायचा प्रयत्न केला. पण सासूबाईंनी माझा हात धरून वर केला.

"आम्ही... समुद्राला अर्पण केला होता," मी पुटपुटले.

"बाई, हा समुद्र नाही. तळं आहे."

"गेनाऊ!" सासूबाई ठणकावून म्हणाल्या. (म्हणजे 'अगदी बरोबर'. त्यांना येणारा हा एकमेव जर्मन शब्द.) मग माझ्याकडे वळून, "त्याला सांग, वाहिलेला नारळ आम्ही परत घेत नाही. चटणी करून खा म्हणावं."

मी ते भाषांतर केले नाही. शरमेने कानशिले अशी तापली होती, की त्यांवर पापड भाजून निघाले असते. पाण्यात, थांबलेल्या नावेतून, रेवा माझ्याकडे टक लावून बघत होती. ओरडली असती तर बरे वाटले असते.

शर्यत पुन्हा झाली. दमलेली रेवा तिसरी आली. पदक गळ्यात घालताना निवेदकाने हसून विचारले, "आई आली आहे का तुझी?"

रेवाने गर्दीवरून शांतपणे नजर फिरवली. ती माझ्यावर क्षणभर थांबली.

"नाही," ती म्हणाली. "शेजारच्या काकू आल्यात."

मीही मग, शेजारणीला शोभतील इतपतच, टाळ्या वाजवल्या.