माकडाचा नमुना

एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, संगणकावर, 'माकड' नावाच्या फोल्डरमध्ये माझे फोटो ठेवलेले आहेत. सगळे स्पष्ट आलेत. आमच्या लग्नातलेसुद्धा इतके स्पष्ट नाहीत.

मी मूळचा साताऱ्याचा. हवाई दलात रडारवर नोकरी केली, शेवटचं पोस्टिंग लखनौला झालं आणि बायकोला विकास नगरातलं हे घर, म्हणजे खरं तर त्याची गच्ची, इतकी आवडली की आम्ही इथेच राहिलो. गच्ची आवडायचं कारण कुरडया. सुनंदाचं म्हणणं असं की, कुरडयांना मानवणारं ऊन लखनौत आहे तसं साताऱ्यात नाही. दर उन्हाळ्यात ती गहू भिजत घालते, चीक काढते, शिजवते आणि सोऱ्याने गच्चीभर कुरडया घालते. समोरच्या घरातल्या भाभी त्यांना 'मराठी जलेबी' म्हणतात. माकडं काय म्हणतात ते माहीत नाही, पण आवडीने खातात.

आमची एकुलती एक मुलगी जुई तेव्हा रोबोटिक्स इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. (रोबोटिक्स म्हणजे काय, असं नातेवाईक विचारायचे तेव्हा मी 'रडारचंच पुढचं' असं ठोकून देत असे. हे जुईला कळलं तेव्हा ती माझ्याशी बरेच दिवस जपून बोलत होती.) तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. शेवटच्या वर्षी एक प्रकल्प करावा लागतो. तिने ठरवलं, आईच्या कुरडयांची राखण करणारं यंत्र करायचं. खाली चार चाकं, वर कॅमेरा आणि मोटारीची काच धुणाऱ्या छोट्या पंपावर चालणारी पिचकारी. माकड दिसलं की यंत्राने त्याच्या अंगावर जायचं आणि पाणी मारायचं. त्याचं नाव तिने ठेवलं प्रहरी.

हा प्रकल्प साधा नव्हता. पुण्याच्या एका कंपनीने जुईला घ्यायचं कबूल केलं होतं. अट एवढीच की प्रकल्प वेळेत पास व्हायला हवा. लेक पुण्याला जाणार म्हणून सुनंदा हरखून गेली. मीही कॉलनीभर पेढे वाटले आणि घरी येऊन उगाचच जुईची खोली आवरायला घेतली. 'बाबा, मैं अभी गई नहीं हूँ,' असं म्हणून तिने मला खोलीबाहेर काढलं.

आता यंत्राला माकड ओळखायला शिकवायचं, तर त्याला माकडांचे ढीगभर फोटो दाखवावे लागतात. नेटवरचे चालणार नाहीत, प्रहरीच्याच कॅमेऱ्याने, आमच्याच गच्चीवर काढलेले हवेत, असं तिच्या सरांनी बजावलं होतं. यात अवघड काय, असं आम्हाला वाटलं. वर्षानुवर्षं आमच्या गच्चीवर माकडांचा राबता होता. सुनंदाने कुरडया घातल्या, जुईने कॅमेरा चालू केला, आणि माकडं यायची बंद झाली!

मी कंबर कसली. निवृत्त माणसाला वेळेची कमतरता नसते. रोज सकाळी गच्चीवर टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून, चहाचा थर्मास आणि हातात काठी (सवय!) घेऊन मी माकडांची वाट बघत बसायला लागलो. ती पलीकडच्या गच्चीवर येत, माझ्याकडे बघत आणि निघून जात. जुई कॉलेजातून आली की विचारायची, 'आज आए?' मी मान हलवायचो. तिच्या चेहऱ्यावरची काळजी वाढत चालली आणि मी आणखी लवकर उठून गच्चीवर जायला लागलो.

आणि मग मला ती कल्पना सुचली. हवाई दलात सरावासाठी शत्रूचं विमान कुठून आणणार? म्हणून आपलंच एक विमान शत्रू होऊन उडतं. त्याच धर्तीवर मी जुईला सुचवलं की, माकड मी होतो.

तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. 'बाबा, ऐसे नहीं होता.'

'तात्पुरतं गं. खरी माकडं आली की माझे फोटो काढून टाक.'

परीक्षा जवळ आली होती. 'अच्छा, ठीक है,' ती शेवटी म्हणाली. 'फिलहाल डाल देते हैं, बाद में हटा देंगे.'

'नंतर काढून टाकू' म्हणून यंत्रात जे घालतात ते कायमचं राहतं, हे मला रडारवर उभी हयात घालवून चांगलं ठाऊक होतं. ते तिला तेव्हा सांगायला हवं होतं. पण मी सुनंदाची तपकिरी शाल शोधण्यात गुंतलो होतो.

मे महिन्यातल्या लखनौच्या उन्हात लोकरी शाल पांघरून मी माकड झालो. एकदा हातात घेतलेलं काम अर्धवट करायचं नाही, हा माझा स्वभाव. मी उकिडवा बसलो, बगल खाजवली, चार पायांवर चाललो, कुरडई पळवून टाकीमागे बसून खाल्ली. जुईने एकदा 'इतना काफी है' म्हटलं, पण डावीकडचे फोटो राहिलेत असं सांगून मी पुन्हा रांगायला लागलो. समोरच्या भाभी कपडे वाळत घालता घालता थांबल्या आणि त्यांनी सुनंदाला हळूच विचारलं, 'भाई साहब की तबियत तो ठीक है न?' सुनंदाने सांगितलं की जुईचा प्रोजेक्ट आहे. त्यांनी सहानुभूतीने मान डोलावली आणि घरात जाऊन दार लावून घेतलं.

प्रहरी हुशार निघाला. मी समोरून आलो, मागून आलो, टाकीआडून नुसतं डोकं काढलं, तरी तो बरोबर माझ्यावर यायचा. मी मोठ्या समाधानाने भिजायचो. जुई तेवढी खूश नव्हती. ती म्हणत होती की खरी माकडं लागतीलच. मी म्हणत होतो की येतील. आणि त्यांनी लवकर यावं म्हणून रोज पहाटे काठी घेऊन गच्चीवर जात होतो.

परीक्षेचा दिवस उजाडला. माकडं काही प्रयोगशाळेत येणार नाहीत, म्हणून जुईचे सर आणि बाहेरून आलेले परीक्षक आमच्या गच्चीवरच आले. सुनंदाने त्या वर्षीच्या सगळ्या कुरडया पसरल्या. त्यातल्या निम्म्या जुईबरोबर पुण्याला जायच्या होत्या. जुईने मला खालीच थांबायला सांगितलं. मी हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होतो आणि वरून आवाज आला. धप्प. मग आणखी एक. मग बरेच.

माकडं आली होती! इतके दिवस दडी मारून बसलेली अख्खी टोळी, नेमकी परीक्षेच्या मुहूर्तावर. मी आनंदाने टाळी वाजवली. तेवढ्यात सुनंदाची हाक आली, 'अहो, हे हलतच नाहीये!' ती हाक ऐकून मला राहवेना आणि मी अनवाणीच जिन्याने वर धावलो.

वर प्रहरी शांतपणे उभा होता. त्याच्या अवतीभवती माकडं पंगत मांडून कुरडया खात होती. एक तर त्याच्या कॅमेऱ्याला टेकून बसलं होतं. आणि मी दारात पाऊल टाकताच प्रहरीची मान गर्रकन माझ्याकडे वळली.

अंगावर शाल नव्हती. पण शाल त्याने मनावर घेतलीच नव्हती बहुतेक. त्याने पाठ केलं होतं ते मला. पहिला फवारा तोंडावर बसला. गच्चीची फरशी तापलेली, त्यामुळे मी उड्या मारत होतो, आणि तोंड वाचवायला वाकलोही होतो. म्हणजे फोटोत होतो हुबेहूब तसा! त्याने मला कुरडयांमधून पळवत टाकीपर्यंत नेलं आणि कोपऱ्यात गाठून टाकी रिकामी होईपर्यंत (त्याची, आमची नव्हे) भिजवलं. माकडं खाणं थांबवून बघत होती. रडारच्या भाषेत याला खोटं लक्ष्य म्हणतात.

परीक्षक भले गृहस्थ होते. त्यांनी हसू आवरलं आणि जुईला विचारलं की असं का झालं असेल. ती खाली मान घालून म्हणाली, 'सर, डेटा कम था.' त्यांनी मान डोलावली. होतं असं, विद्यार्थ्यांकडे साधनं कमी असतात, यंत्राची बांधणी मात्र उत्तम आहे, असं म्हणत त्यांनी खिशातून पेन काढलं. पास झालीच होती ती. मी फक्त गप्प राहायचं होतं.

पण माझी मुलगी माझ्यासाठी खोटं बोलतेय, हे मला सहन झालं नाही. मी टाकीमागून निथळत बाहेर आलो, सावधान उभा राहिलो आणि म्हणालो, 'सर, डेटा कम नहीं था. डेटा मैं हूँ.'

परीक्षकांनी पेन परत खिशात ठेवलं. त्यांनी लॅपटॉप मागवला. मी उकिडवा, मी खाजवताना, मी कुरडई खाताना. ते एकेक फोटो बघत गेले आणि अधूनमधून ताडून बघावं तसे माझ्याकडे बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, यात खरं माकड एकही नाही का? जुई म्हणाली, 'नहीं, सर.' तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला त्याच टाकीत उडी टाकावीशी वाटली.

प्रकल्प परत आला. पुढच्या सेमिस्टरला नव्याने करायचा होता. कंपनीने पुण्याची जागा दुसऱ्या कुणाला दिली. जुई मला एका शब्दानेही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं. मी माफी मागायला गेलो, तर म्हणाली, 'बाबा, आपने इतनी धूप में किया न मेरे लिए. छोड़िए.' मला जेवण गेलं नाही.

त्यानंतर मी गच्चीवर जाणं सोडलं. आणि माकडं रोज यायला लागली. मला उलगडाच होईना, तेव्हा सुनंदा म्हणाली, 'अहो, काठी घेऊन बसलेल्या माणसासमोर कोण येणार?' हे आधी का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. 'सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा रांगत होतात.' जुईला भराभर फोटो मिळाले. प्रहरी आता खरी माकडं ओळखतो. पुढच्या सेमिस्टरला प्रकल्प उत्तम पास झाला, पुण्यातच दुसरीकडे नोकरी लागली आणि ती गेली.

लोक विचारतात, पोरीचं एक सेमिस्टर फुकट गेलं, वाईट वाटत असेल. वाटतं. पण त्या सेमिस्टरभर ती रोज संध्याकाळी घरी होती. माझ्यासमोर बसून चहा प्यायची, वायरी पसरून ठेवायची, मी पंखा कमी केला की पुन्हा वाढवायची. आता चहा दोनच कप होतो. त्यामुळे जितकं वाईट वाटायला हवं तितकं मला काही केल्या वाटत नाही, आणि वाईट वाटतं ते त्याचंच. मुलीचं नुकसान करून तिच्याबरोबर चहा प्यायल्याचं सुख मानणाऱ्या बापाला त्या यंत्राने माकड म्हणून ओळखलं, तर त्याचं फार चुकलं होतं असं आता मला वाटत नाही.