विकतच्या इंजिनाला कुलूप

आमच्या घरात आगगाडी चालते असं सांगितलं की लोक हसतात. पण खरंच चालते. विजय नगरच्या घरात पुढच्या खोलीत, खिडकीशी कॉम्प्युटर आहे, त्यावर आमचे हे गाडी चालवतात. हा खेळच तसा आहे. समोर इंजिनाची काच, काचेतून रूळ, सिग्नल, बोगदे. एका बटणानं वेग, एकानं ब्रेक, एकानं भोंगा.

यांची सगळी नोकरी डिफेन्सच्या फॅक्टरीत झाली. रिटायर झाले आणि महिनाभर नुसते फॅक्टरीच्या गेटच्या वेळेला तयार होऊन दारच्या ओट्यावर बसत. मग मीच म्हटलं, काही तरी छंद लावून घ्या, माझ्या स्वयंपाकावर नजर ठेवू नका. तेव्हा राइट टाउनच्या कॉम्प्युटरवाल्या दुकानातून हा खेळ आणला. दुकानदार तेव्हाच म्हणाला होता, "बाबूजी, काहे को डब्बेवाला ले रहे हो, मैं ऐसे ही डाल देता हूँ. सब ऐसे ही चलाते हैं."

हे म्हणाले, "भैया, चालीस साल गेट से बिना पास के एक पेंच नहीं लाया. अब रिटायर होके पूरी रेलगाड़ी लाऊँ?"

दुकानदार हसला, मीही हसले. खेळाचा सीलबंद डबा रीतसर विकत घेतला. बिल यांनी घडी करून डब्यातच ठेवलं. घरी येऊन खेळाच्या कंपनीकडे खातं उघडताना काय काय भरलं, मला काही कळलं नाही, मी तेव्हा भाजी निवडून राहिले होते.

दोन वर्षांखाली यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. चार-पाच शब्द तेवढे राहिले. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, बोटं हलती ठेवा, नाही तर मूठ आवळून बसेल. त्यांनी स्पंजचा चेंडू दिला. यांनी तो पलंगाखाली टाकला. मी काढून द्यायची, हे पुन्हा टाकायचे. शेवटी मी यांना गाडीसमोर बसवलं. आता बघा, चेंडूसाठी जे बोट हलत नव्हतं ते भोंग्यासाठी हललं. पहिल्या दिवशी अर्धा तास लागला. चार महिन्यांनी उजव्या हाताच्या पहिल्या बोटानं भोंगा वाजवू लागले. रोज अकराला खिशाचा शर्ट घालायचे, ड्युटीवर जायचे, म्हणजे पलंगावरून खुर्चीवर.

मग एक दिवस लाईट आली-गेली, आली-गेली, आणि कॉम्प्युटर जळाला. दुकानदारानं आतली मोठी पाटी बदलून दिली. बाकी सगळं ठीक होतं. पण गाडी काही सुरू होईना. पडद्यावर आलं की हा कॉम्प्युटर नवीन दिसतो, मालक तुम्हीच आहात हे सिद्ध करा.

मुलगी नागपूरला असते. तिला फोन लावला, पडद्याचा फोटो काढून पाठवला. ती म्हणाली, "आई, बाबांचा पासवर्ड?"

"मला काय माहीत? यांनी कधी लिहून ठेवला का?"

"मग जन्मतारीख विचारून राहिले आहेत बघ. तीन वेळा चुकली की कायमचं बंद होईल. सोपं आहे, बाबांची तारीख टाक."

पेन्शनच्या कागदावरची तारीख टाकली. चूक. मग मला आठवलं की ती तर शाळेत मास्तरांनी लिहिलेली, खरी तारीख सासूबाई वेगळीच सांगायच्या. ती टाकली. तीही चूक.

मुलगी म्हणाली, "आई, बाबांनी खरी टाकलीच नसेल."

खरंच की. फॅक्टरीत यांना पढवलेलं असायचं, बाहेरच्या माणसाला आपलं काही खरं सांगायचं नाही. हे ते इतकं पाळायचे की ट्रेनमध्ये कोणी विचारलं तर साखरेच्या कारखान्यात आहे म्हणायचे. एकदा समोर बसलेला माणूस खरोखरीचा साखरवाला निघाला, तेव्हा कटनीपर्यंत झोपेचं सोंग घ्यावं लागलं. असा माणूस कुठल्या परदेशी कंपनीला आपली जन्मतारीख देईल काय?

एकच वेळ उरली होती. मी यांच्या पुढ्यात बसले. म्हटलं, "अहो, या खेळासाठी कोणती तारीख लिहिली होती? बोटांनी दाखवा. मी कोणाला सांगत नाही."

यांनी दाराकडे बघितलं. मग खिडकीकडे. मग डावं बोट ओठांवर ठेवलं.

मला हसू आलं. हसता हसता पदर डोळ्यांना लावावा लागला. काय करू? एक पहारेकरी पडद्यावर, एक माझ्यासमोर खुर्चीत, आणि मधे मी.

मुलीनं कंपनीला लिहिलं, बिलाचा फोटो पाठवला, आजाराचे कागद पाठवले. उत्तर इंग्रजीत आलं, तिनं वाचून दाखवलं. बिलावरून एवढंच कळतं की कोणी तरी खेळ घेतला, खातं तुमचं आहे हे त्यावरून ठरत नाही. तुमची अडचण आम्ही समजतो. कृपया जन्मतारीख कळवा.

अच्छा, म्हटलं. म्हणजे डबा आमचा, पैसे आमचे गेले, आणि आतली गाडी कोणाची?

हे मात्र रोज अकराला शर्ट घालून बसायचेच. समोर तोच पडदा. मी लाख सांगितलं, आज गाडी नाही. हे बसून राहायचे, मीही शेजारी बसून राहायची. घरात आणखी कुठे जावं? चेंडू पुन्हा पलंगाखाली गेला. तीन आठवड्यांत ते पहिलं बोट हळूहळू मुठीत परत गेलं. व्यायामाच्या बाईंनी ते उघडायचा प्रयत्न केला आणि माझ्याकडे बघितलं.

त्याच दिवशी मी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "माताजी, मैं दूसरी वाली डाल देता हूँ. वो कुछ नहीं पूछती."

चोरीची होती, मला कळत होतं. तरी ये म्हटलं.

दुसरी वाली खरंच काही विचारत नाही. लावली की सुरू. विकतची मेली दहा प्रश्न विचारते आणि चोरीची पायघड्या घालते. पण यांचे जुने सगळे प्रवास कंपनीच्या खात्यात अडकलेले. डोंगरातला तो लांबचा मार्ग यांनी वर्षभर घालून पुरा केला होता. आता गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनावर उभी.

यांनी पडदा नीट बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

"पास?" म्हणाले.

उरलेल्या चार-पाच शब्दांतला तो एक. मी उठले, कपाटातला डबा काढला, त्यातलं बिल यांच्या हातात दिलं. यांनी ते डोळ्यांजवळ धरलं, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं, अगदी गेटवरच्या शिपायासारखं. घडी करून खिशात ठेवलं आणि भोंग्याकडे हात नेला. बोट उघडायला बराच वेळ लागला, पण उघडलं.

आता रोज हेच चालतं. आधी खिशातून बिल काढून तपासायचं, मग गाडी सोडायची. ते बिल कुलूप लागलेल्या गाडीचं आहे, ही गाडी वेगळी, हे यांना माहीत नाही. की आहे, कोण जाणे. दारावरची घंटी वाजली की मी आधी पडदा बंद करते आणि मग दार उघडते. माझ्याच घरात.

शर्ट धुवायला टाकताना मी आठवणीनं बिल काढून दुसऱ्या शर्टात ठेवते. डब्याच्या अंधारात ते इतकी वर्षं टिकलं. आता घामानं त्याची अक्षरं उडून राहिली आहेत. दुकानाचं नाव गेलं, तारीख गेली. खेळाचं नाव अजून अर्धं दिसतं. काल हे ते उजेडात धरून नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत होते, आणि मी शेजारी हात मांडीत घेऊन, तपासणी कधी संपते त्याची वाट बघत बसले होते.