वायहीची खाण आणि जोनचं घर

टौरंगाहून निघालो तेव्हा काटीकाटी गावापर्यंत दोन्ही बाजूंना किवीच्या बागा होत्या, उंच कुंपणझाडांच्या आड. गाडी आमची मुलगी मानसी चालवत होती. सुनंदा, माझी पत्नी, तिच्या शेजारी बसली होती. पुण्यातली आमची इमारत पाडून नवी बांधायची ठरली, म्हणून आम्ही काही महिने परदेशी, मानसीकडे टौरंगाला आलो होतो. पाडकाम त्याच आठवड्यात सुरू झालं होतं. सुनंदा त्याविषयी अवाक्षर काढत नव्हती.

वायहीचा मुख्य रस्ता छोटासाच. डेअरीतून (इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात) पाणी घेतलं, थोडा चढ चढलो, आणि पुढे जमीनच संपली.

गावाच्या मधोमध एक डोंगर होता, तो माणसांनी खणून काढला आहे. गुलाबी, राखी, तांबूस पायऱ्या खोल उतरत जातात. एका बाजूचा अख्खा कडा घसरून तळाशी पडला आहे. भिंतींमध्ये काळी भोकं दिसली. ते जुने बोगदे. मेणबत्तीच्या उजेडात माणसं तिथे गारगोटीचा दगड फोडत. सोनं त्या दगडात धुळीसारखं मिसळलेलं, त्यामुळे दगड दळायच्या गिरण्या आल्या, मग घरं, चर्च, शाळा. खाण बंद पडली, गाव तगलं. पुढे सोन्याला भाव आला आणि खाण उघड्यावर परत सुरू झाली. मी कठडा धरून उभा राहिलो.

बाकावर कुत्र्याला घेऊन एक म्हातारी बसली होती. "किया ओरा," तिने इथला नमस्कार केला. नाव जोन. खड्ड्यावरच्या हवेत बोट दाखवून ती इंग्रजीत म्हणाली, "तिथे माझं स्वयंपाकघर होतं."

खाण रुंदावली तेव्हा तिचं लाकडी घर मधोमध कापून दोन ट्रकांवर चढवलं होतं आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन जोडलं होतं.

सुनंदा तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाली, "तुम्ही रडलात?"

"घरासाठी नाही. लिंबाचं झाड मागे राहिलं, त्याच्यासाठी."

जोनने आम्हाला चहाला नेलं. स्वयंपाकघराच्या जमिनीवर जोडाची रेघ अजून दिसत होती. "घर उलटं बसवलं," ती म्हणाली. "सकाळचं ऊन आता संध्याकाळी येतं. वर्षभर मी चिडलेली होते. मग खुर्ची हलवली."

सुनंदा ओट्याला टेकून उभी होती. आमच्या घराबद्दल ती बोलायला लागली. इंग्रजी अपुरं पडलं की मराठीत बोले, मानसी भाषांतर करी. डोळे पुसत ती बराच वेळ बोलली. जोनने तिला थांबवलं नाही.

मधेच पायाखालची जमीन हलली. कप बशीवर वाजले. आम्ही तिघंही दचकलो.

"सुरुंग," जोन चहा ओतत म्हणाली. "वरची खाण थांबली, पण खाली बोगद्यांत काम चालू आहे."

परतताना मी त्या गावाचाच विचार करत होतो. त्याच्या पोटात आजही माणसं खणताहेत, आणि वर किटली चुलीवर आहे. इतकं हलवून, कापून, पोखरून घेतलेलं गाव इतकं शांत कसं राहतं, हे मला अजून नीटसं उमगलेलं नाही.

टौरंगा जवळ आलं तेव्हा सुनंदा म्हणाली, "अहो, नव्या घराचा ओटा कुठल्या बाजूला आहे?"

मला ठाऊक नव्हतं. नकाशा मी तिच्यासमोर कधी उघडलाच नव्हता.

"घरी गेल्यावर बघू," मी म्हणालो.

"बघूच. आणि पटलं नाही, तर त्या बिल्डरला आत्ताच सांगायचं."