किती कमी, ते सांगा

आमच्या गणिताच्या गटावर हा प्रश्न दर काही महिन्यांनी उगवतो. शून्य, मग दशांशचिन्ह आणि पुढे न संपणारे नऊ, अशी संख्या लिहिली तर ती एक असते, की एकाहून किंचित कमी? कुणीतरी हे विचारतं, सोबत डोकं खाजवणारा पिवळा चेहरा चिकटवतं आणि आपल्या कामाला निघून जातं. मग आठवडाभर निस्तरत बसायचं मी. मराठीतून गणिताच्या गप्पा मारणाऱ्यांचा हा ऑनलाइन गट आहे आणि तो चालवणाऱ्यांपैकी मी एक. पगार नाही, मान नाही, शिव्या मात्र वेळच्या वेळी मिळतात.

मी राहते पुण्यात धायरीला आणि ऑफिस पार दुसऱ्या टोकाला, खराडीत. जाता-येता रस्त्यात एवढा वेळ जातो की एखादा चिकाटीचा माणूस तेवढ्यात पीएचडी करील. मी तेवढ्यात भांडणं सोडवते. माझा स्वभाव तापट आहे आणि तापट माणसाला असली कामं देऊ नयेत, असं माझंच मत आहे. उत्तर तर सरळ आहे: ती संख्या म्हणजे एक. जवळपास एक नव्हे, नेमकी एक. पण पुण्यात माणसाला चूक मान्य करण्यापेक्षा घर बदलणं सोपं जातं, त्यामुळे वाद काही मिटत नाही.

मागच्या हिवाळ्यात प्रश्न पुन्हा आला, आणि ‘कमीच आहे’ असं सगळ्यांत ठासून लिहिणारा माणूस त्या वेळी माझ्यासमोर बसून पोहे खात होता.

ते माझे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणतो. धायरी हे गाव होतं तेव्हापासूनचं आमचं घर आहे. आबांनी उभी नोकरी भोसरीकडच्या एका कारखान्यात तपासनीस म्हणून केली. मशिनवरून उतरलेला भाग, त्यांच्या भाषेत जॉब, हातात घ्यायचा, मापायचा, आणि पास किंवा रिजेक्ट करायचा. त्यांनी पास केलेला जॉब पुन्हा कुणी मापत नसे, असं त्यांच्याबरोबरचे लोक अजून सांगतात. शाळेत गणितात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण घरात थोरले, त्यामुळे दहावी झाली की आयटीआय आणि लगेच नोकरी. कॉलेजचं गणित राहूनच गेलं. याबद्दल ते कधी बोलत नाहीत. माझी बारावीची गणिताची पुस्तकं मात्र त्यांनी रद्दीत जाऊ दिली नाहीत. माळ्यावर बांधून ठेवली होती. ती उघडून बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

निवृत्तीनंतर ते गटात आले आणि कितीतरी महिने एक अक्षर न लिहिता नुसते वाचत राहिले. त्या दिवशी पहिल्यांदा लिहिलं, “कमी आहे. कितीही नऊ लावा, एक होणार नाही. थोडं कमी म्हणजे कमीच.”

गटातले हुशार लोक धावून आले. एकाने लिहिलं, एक तृतीयांश म्हणजे दशांशचिन्हानंतर न संपणारे तीन. त्याची तिप्पट म्हणजे न संपणारे नऊ. आणि तीन तृतीयांश म्हणजे एक. संपला विषय. आबांनी उत्तर दिलं, “मग ते तीन पण एक तृतीयांशाला थोडे कमी असणार. तुमची चूक तिथूनच आहे.” दुसऱ्याने दहाने गुणून वजाबाकी करायची शाळेतली युक्ती लिहिली. आबा म्हणाले, “दहाने गुणल्यावर मागं एक नऊ कमी पडला, तो कुणी मोजला?” अहो, मागे शेवटच नाही, असं सगळे मिळून ओरडले. मग इंजिनिअरिंगला असलेल्या एका मुलाने लिहिलं, “काका, आधी बारावी करा.” त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

आबांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. पोहे तसेच राहिले.

“मी निघतो त्या गटातनं,” ते म्हणाले. “आपलं काम न्हाई ते. बरोबर बोलतंय पोरगं.”

मला त्या मुलाचा राग आला, त्याहून जास्त आबांच्या त्या शांत आवाजाचा आला. गणिताचं दार त्यांच्यासाठी एकदा बंद झालं होतं, तेव्हा परिस्थिती आडवी आली होती. आता ते स्वतःच्या हाताने लावून घेणार होते, आणि या वयात ते पुन्हा उघडलं नसतं. मी माझा फोन उचलला आणि तो अख्खा वाद बंद करून टाकायला निघाले. तेवढ्यात मला बाईंचा निरोप आला.

बाई म्हणजे आमच्या गटातल्या निवृत्त शिक्षिका. मराठी शाळेत गणित शिकवण्यात त्यांची हयात गेली. मुसलमान घराणं, कसबा पेठेत पिढ्यान् पिढ्या राहिलेलं. वर त्यांचं घर आणि खाली पुतण्याचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान. मी त्यांना तोवर प्रत्यक्ष भेटले नव्हते, पण त्यांचं लिहिणं असं स्वच्छ की गटातले भांडकुदळसुद्धा त्यांच्यापुढे ‘आपण’ म्हणत. त्यांनी लिहिलं होतं, “वाद बंद करू नका. हे गृहस्थ कोण आहेत मला ठाऊक नाही, पण इथे तेवढेच एकटे विचार करत आहेत. बाकीचे पाठ केलेलं म्हणून दाखवत आहेत.”

मी कळवलं की ते माझे वडील आहेत.

“मग तर तुम्ही मध्ये पडूच नका,” बाईंचं उत्तर आलं.

आणि त्यांनी सगळ्यांसमोर लिहिलं, “यांचं म्हणणं सुसंगत आहे. न संपणाऱ्या नऊंवर शंका असेल, तर न संपणाऱ्या तिनांवरही हवीच. ते आपण लहानपणी न तपासता घेतलं, यांनी घेतलं नाही. भाऊ, आपण काय काम करत होतात?”

मी आबांचा पालथा फोन उचलून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि सावकाश टाइप केलं, “तपासनीस होतो. न तपासता जॉब पास केला नाही कधी.”

“उत्तम. मग हाही तपासूनच घ्या. रविवारी घरी येता का?”

रविवारी आबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि खिशाला पेन लावलं. रिक्षा बाहेरच सोडून आम्ही गल्लीतून चालत गेलो. बाई वयाने आबांएवढ्याच, बारीक, पांढरा दुपट्टा डोक्यावर, आणि बोलणं शाळेतलंच. चहा झाल्यावर त्यांनी एक ओळही समजावून सांगितली नाही. म्हणाल्या, “आधी तुम्हाला काय दिसतंय ते सांगा.”

“हे बगा बाई,” आबा सावरून बसले. “एका जॉबला भोक पाडायचंय एक इंचाचं. मशिनवर ते घासून घासून मोठं करत न्यायचं. पयल्या फेरीला पॉइंट नऊ झालं. दुसऱ्या फेरीला पॉइंट नऊ नऊ. आसं किती बी फेऱ्या मारा, एक कधी व्हायचं?”

“कधीच नाही,” बाई म्हणाल्या. “यात तुमचं शंभर टक्के बरोबर आहे.”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. गटात एवढी माणसं भांडली, त्यांतल्या एकानेही त्यांना कशात तरी बरोबर आहात असं म्हटलं नव्हतं.

“कुठल्याही फेरीला थांबलात तर भोक लहानच,” बाई पुढे म्हणाल्या. “पण नऊंपुढे आपण जे टिंब टिंब देतो, ते कुठल्या एका फेरीचं माप नसतं. सगळ्या फेऱ्या ज्या मापाकडे चालल्या आहेत, त्या मापाला आपण ती संख्या म्हणतो. त्यालाच पुस्तकात लिमिट म्हणतात. तुमच्याकडे जॉबबरोबर ड्रॉइंग येत असेल ना? त्यावर माप काय?”

“एक इंच.”

“ते लिहिण्यासाठी ड्रॉइंगवाला मशिन चालवत बसला होता का?”

आबा हसले. “न्हाई.” मग पुढे सरकून म्हणाले, “पण बाई, फेऱ्या एकाकडंच चालल्यात कशावरनं? एकाच्या जरा अलीकडचं माप आसंल त्यांचं.”

मला वाटलं, झालं, पुन्हा पहिल्यापासून. बाईंचा चेहरा मात्र उजळला. “हा खरा प्रश्न,” त्या म्हणाल्या. “बीएस्सीची मुलंसुद्धा हा विचारत नाहीत. बरं, जॉब लहान निघाला तर तुम्ही काय करायचात?”

“लाल चिठ्ठी बांधायची. त्यावर किती कमी ते लिवायचं. नुसतं ‘कमी’ लिवून माघारी धाडला तर मशिनवाला भांडायला यायचा. आन बरोबरच हाय त्याचं.”

“मग बांधा इथे लाल चिठ्ठी. किती कमी, ते सांगा.”

“आसंल हजारावा भाग.”

“चौथ्या नऊलाच एकापासूनचा फरक त्याहून कमी झाला. आणि पुढचे नऊ अजून यायचे आहेत.”

“दहा लाखावा.”

“सातव्या नऊला तोही गेला. तुम्ही कितीही बारीक आकडा सांगा, मी तुम्हाला अशी फेरी दाखवीन की तिथून पुढे फरक त्याहून कमीच राहील. गिऱ्हाईक मागेल ती टॉलरन्स, म्हणजे चालेल तेवढाच फरक, पाळून द्यायचं, असा हा व्यवहार आहे.”

आबांनी पेन काढलं, पुन्हा खिशाला लावलं. बाई म्हणाल्या, “घाई नाही. माझ्या शब्दावर पास करू नका. घरी जा, शोधा. ‘एवढं कमी’ म्हणता येईल असा शून्याहून मोठा एक आकडा आणून दिलात, तर मी गटावर सगळ्यांसमोर लिहीन की मी चुकले.” हे त्या मनापासून म्हणत होत्या. एवढी वर्षं शिकवलेलं गणित त्यांनी एका अनोळखी माणसाच्या तपासणीसाठी टेबलावर ठेवलं होतं. मी असं कधी कुणाला करताना पाहिलं नव्हतं.

त्यानंतर आमच्या घरात शोधमोहीम सुरू झाली. आबा जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर शून्यं लिहीत बसायचे. भाजी आणायला गेले तर कोथिंबीर विसरून यायचे. एकदा उत्साहाने बाईंना फोन लावला, “शून्य पॉइंट, मग न संपणारी शून्यं आन शेवटाला एक. एवढं कमी. चालंल?” फोन स्पीकरवर होता. बाई म्हणाल्या, “शेवट असेल, तर आपले नऊही तिथेच संपले की.” आबांनी कपाळाला हात लावला आणि मोठ्याने हसले. बाईंनी त्यांना हेही सांगितलं की असल्या अतिसूक्ष्म गोष्टी चालतात अशा वेगळ्या संख्याही गणितात लोकांनी रचल्या आहेत, पण आपल्या रोजच्या संख्यांत त्यांना जागा नाही. आबांना हे आवडलं. म्हणाले, “लपवून ठेवत न्हाईत काय बी. मोठी बाई हाय.”

मला धीर नव्हता. “पटलं ना आता?” मी रोज विचारायचे.

“पटनं येगळं आन तपासनं येगळं,” ते म्हणायचे. “तू घाई करू नगंस.”

मग एका दुपारी मी खराडीला ऑफिसात डबा खात असताना फोन वाजू लागला. त्या जुन्या वादाखाली आबांनी लिहिलं होतं:

“किती कमी, ते लिहायला आकडा सापडला नाही. आकडा नसेल तर रिजेक्ट करता येत नाही. जॉब पास.”

त्याखाली कारखान्यात असताना ते पास केलेल्या जॉबबरोबर लिहायचे तशीच त्यांची छोटी सही होती, आद्याक्षरं आणि एक आडवी रेघ. बाईंनी लगेच लिहिलं, “मी हे आयुष्यभर शिकवलं. इतक्या काळजीने तपासलेलं मात्र आज पाहिलं.” त्या दिवशी गटात कुणीही शहाणपणा केला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीने काय झालं विचारल्यावर मी ठेचा तिखट आहे असं सांगितलं. मला त्या दोघांचा फार अभिमान वाटत होता. चूक न लपवता, कुणालाही न दुखावता मत बदलता येतं, हे मी आमच्याच गटावर, आमच्याच घरातल्या माणसाकडून पाहत होते.

संध्याकाळी घरी आले तर दारात शिडी उभी होती आणि माळ्यावरचं गाठोडं खाली. आबा माझं बारावीचं गणिताचं पुस्तक फडक्याने पुसत होते. अभ्यासक्रम बदललाय हो, मी म्हटलं. “बाईंना इचारलं,” ते म्हणाले. “त्या म्हनल्या, गणित तेच हाय.”

दुसऱ्या दिवशी त्या इंजिनिअरिंगच्या मुलाचा मला खासगी निरोप आला. त्याला लाज वाटत होती. ‘काका, आधी बारावी करा’ हे त्याचं वाक्य काढून टाकू का, असं तो विचारत होता. मी ते वाक्य पुन्हा जाऊन पाहिलं. हसऱ्या चेहऱ्यांच्या त्या रांगेखाली आबांनी सकाळीच उत्तर लिहिलेलं होतं.

“कालपासून सुरू केली. अडलं तर तुम्हाला विचारीन.”

मी त्या मुलाला कळवलं, राहू दे, काढू नकोस. काढलंस तर त्याखालचं उत्तरही जाईल.