मंग मी येडीच

माझी लेक चार वर्षांची होती, तेव्हा सासरच्यांनी मला "दोन दिवस माहेरी राहून ये" म्हणून टेंभुर्णीला पाठवलं आणि तिला ठेवून घेतलं. परत वाटूरला सासरी गेले, तर घरात नवऱ्याची दुसरी बायको. सासूबाई दार अडवून उभ्या. माझा आवाज ऐकून लेक आतून रडायला लागली.

"पोरगी आमच्या रक्ताची हाय. तू जाय," सासूबाई म्हणाल्या.

पारावर पंच बसले. सोडचिठ्ठीवर मी अंगठा द्यायचा, माझी भांडी घेऊन जायचं आणि लेक बापाकडे, असं त्यांनी मला न विचारताच ठरवलं.

"लेकरू बापाचंच असतंय," एक म्हातारे पंच म्हणाले.

"नऊ महिने बापानं वागवलं व्हतं का?" मी विचारलं. "आन् अंगठा कशाला? मला सही येती. ती बी देणार न्हाई."

माहेरी आल्यावर अप्पा, माझे वडील, म्हणाले, "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू न्हाई, बाई."

"मंग मी येडीच म्हणा, अप्पा. पण चढणार."

दुसऱ्या दिवशी एकटीच एसटीनं जालन्याला गेले. कोर्टासमोर एका वकीलबाईंची पाटी दिसली, तिथं शिरले. मला वाटायचं, कायदा म्हणजे खून नाहीतर बांधाचं भांडण. वकीलबाईंनी पाणी दिलं आणि समजावलं. लग्न, फारकत, पोटगी, लेकराचा ताबा, दत्तक, वारसा, घरातल्या या सगळ्या गोष्टींना कायदा आहे. तुमचं लग्न मोडलेलं नसताना नवऱ्यानं केलेलं दुसरं लग्न कायद्यानं लग्नच नाही. पंचांच्या सोडचिठ्ठीनं तुमचा लेकीवरचा हक्क जात नाही.

"यातलं तुम्हाला आधी काय पाहिजे?"

"लेक."

"पाच वर्षांच्या आतलं लेकरू शक्यतो आईकडेच देतात," त्या म्हणाल्या.

हे सासरच्यांनाही कुणीतरी सांगितलं असावं. ते तारखांवर तारखा मागत राहिले. कधी नवरा आजारी, कधी त्याचा वकील परगावी. लेकीला पाच पूर्ण झाली त्या दिवशी मी भाकरीला हात लावला नाही. वकीलबाई मात्र ठाम होत्या. "पाच झाली म्हणून दार बंद होत नाही. लेकराचं भलं कशात आहे, ते कोर्ट बघतं."

शेवटी सुनावणी झाली. त्यांचा वकील म्हणाला, "ही बाई दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाते. मुलीला सांभाळणार कोण?"

वकीलबाई उठायच्या आत मीच बोलले. "साहेब, बाप शेतात गेला तर लेकराला टाकून गेला, असं कोणी म्हणत न्हाई. मंग मलाच का?"

 जज्जसाहेबांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं.

ताबा मला मिळाला. बापाला महिन्यातून दोनदा भेटायची मुभा होती. तो एकदाच आला.

लेक मात्र पळत येऊन बिलगली नाही. ती दुसरीला आई म्हणायला लागली होती आणि मला "ओ बाई" म्हणायची. त्यावरून मी तिला एकदाही दटावलं नाही. जे हिसकावून नेलं होतं, ते हिसकावून परत मिळणार नव्हतं. पावसाळा संपता संपता ताप आला, तेव्हा ती झोपेत माझा पदर धरून "आई" म्हणाली.

त्याच साली भावकीत लग्न निघालं. कोर्टात गेलेली बाई मांडवात नको, असा निरोप चुलत्यानं धाडला. अप्पा निरोप ऐकून गोठ्याकडं निघून गेले. मी लेकीला नवा फ्रॉक घातला, स्वतः ठेवणीतलं लुगडं नेसले आणि मांडवात जाऊन सगळ्यात पुढच्या सतरंजीवर तिला मांडीवर घेऊन बसले. थोड्या वेळानं अप्पा आले आणि माझ्या शेजारी बसले.