तिसऱ्या गाण्यातली बाई

दातांच्या दवाखान्यात तिला सगळे मावशी म्हणत. फोन घ्यायचा, वेळा नोंदवायच्या, आतून ड्रिलचा आवाज सुरू झाला की बाहेर बसलेल्यांचा धीर सुटायच्या आत काहीतरी बोलणं काढायचं, हे तिचं काम. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "भूल मी नंतर देते, आधी मावशी देतात."

एका सोमवारी टेबलावरची मासिकं सारखी करताना तिला एका साप्ताहिकात ओळखीचं चित्र दिसलं. मिठाच्या ढिगांमधून जाणारा रस्ता. एकेचाळीस वर्षांपूर्वीच्या रेकॉर्डचं कव्हर. जुन्या लोकगीतांना इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमची जोड दिलेली ती रेकॉर्ड तेव्हा खूप गाजली होती. साप्ताहिकाने त्या रेकॉर्डबद्दल श्रोत्यांची मतं मागवून दोन पानं भरून छापली होती.

मावशी उभ्याउभ्याच वाचायला लागली. त्या रेकॉर्डवर तिसऱ्या गाण्यात मधेच एक बाई शब्दांशिवाय गाते, चाळीस सेकंद, आणि ती बाई म्हणजे मावशी. निदान घरीदारी सगळ्यांना तसंच माहीत होतं.

एकाने लिहिलं होतं, तो आवाज म्हणजे अख्ख्या रेकॉर्डचा जीव आहे. मावशीचे कान गरम झाले. त्याखाली एका निवृत्त मास्तरांनी लिहिलं होतं, की साधीसुधी गाणी गिटारने नासवली ती नासवलीच, वर शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखी ती बाई कशाला? तिसऱ्याच्या मते बाई नव्हतीच, बासरी होती. आणि एका बाईंनी ठणकावलं होतं, "गिटार नसती तर आमच्या पिढीने ही गाणी ऐकलीच नसती. तो आवाज सर्दी झालेल्या मुलीचा आहे, म्हणूनच गोड लागतो."

सर्दी! मावशीने खुर्ची ओढली आणि ते वाक्य पुन्हा वाचलं.

कारण तो तुकडा दोघींनी वेगवेगळा गायला होता. कॉलेजच्या गायकवृंदातली तिची मैत्रीण, जिला सगळे टिटवी म्हणत, ती सोमवारी, आणि मावशी मंगळवारी. रेकॉर्डिंगवाला म्हणाला होता, "दोन्ही छान आहेत, एक ठेवू." कोणती ठेवली ते त्याने सांगितलं नाही, आणि कव्हरवर नुसतं 'आणि इतर' छापलं. पुढे मावशीचं लग्न जमवताना कुणीतरी विचारलं, मुलीला गाणं येतं का? तिने सांगून टाकलं, त्या रेकॉर्डवर मीच आहे. एकदा सांगितल्यावर तेच खरं होऊन बसलं. पण त्या आठवड्यात दोघींपैकी एकीला सर्दी होती, एवढं तिला पक्कं आठवत होतं. कुणाला?

त्या दिवशी तिने चारची वेळ दोघांना दिली. डॉक्टरीणबाई वैतागल्या, "मावशी, एका खुर्चीत दोन तोंडं कशी बसवू?"

घरी तिने नवऱ्याला विचारलं, "तुम्हाला तो आवाज माझाच वाटतो?"

"म्हणजे काय? मी काय बहिरा आहे?"

"पण तुम्ही तेव्हा मला ओळखतही नव्हतात."

"मग तूच तर सांगितलंस!" नवरा म्हणाला, आणि मग स्वतःच्याच बोलण्यावर डोकं खाजवायला लागला.

शनिवारी ती टिटवीकडे गेली. टिटवी आता ड्रायव्हिंग स्कूल चालवत होती. दोघींची भेट होऊन सहा वर्षं तरी झाली असतील. मावशीने साप्ताहिक पुढे केलं. टिटवी मास्तरांच्या मांजरापर्यंत पोचली आणि खो खो हसली. "हे तुझ्याबद्दल आहे, बरं का!"

"माझ्याबद्दल कशावरून?"

"अगं, तो आवाज तुझाच ना? मी तर सगळ्यांना सांगते, माझ्या मैत्रिणीचा आहे."

मावशीचा जीव भांड्यात पडायला हवा होता, पण पडला नाही. "सर्दी कुणाला होती?" तिने विचारलं.

"तुला."

"मला? तुला होती! मी माझा रुमाल दिला होता."

"रुमाल माझा होता. आणि तू तो परत केला नाहीस."

शेवटी दोघी शिकवायच्या गाडीत, दोन्हीकडे ब्रेक असलेल्या, काचा वर करून बसल्या. टिटवीने मोबाईल जोडून तिसरं गाणं लावलं. चाळीस सेकंद आले आणि गेले.

"तूच," टिटवी म्हणाली.

"छे, तू. तो शेवटचा हेलकावा तुझा आहे."

पुन्हा लावलं. पुन्हा तेच. मग टिटवीने स्वतः गाऊन पाहिलं, मावशीनेही पाहिलं. वरच्या सुराला दोघींचेही आवाज फाटले. बाहेर लायसन्सचा फॉर्म घेऊन आलेला एक माणूस काचेतून बघत राहिला.

"बासरी तर नसेल?" मावशी म्हणाली. दोघी हसल्या, आणि हसता हसता दोघींचंही तोंड जरा उतरलं.

एवढ्यात चौथं गाणं सुरू झालं. मावशीला ते अगदी नवीन वाटलं. आजवर घरी तिसरं गाणं संपलं की कौतुक सुरू व्हायचं आणि रेकॉर्ड बंद. पुढचं काही तिने कधी नीट ऐकलंच नव्हतं. दोघींनी तशीच सगळी रेकॉर्ड ऐकली. टिटवीला पाचवं गाणं फार आवडलं. मावशीला ते उगाच ताणलेलं वाटलं, पण शेवटच्या गाण्यातला पुरुषाचा साधा, थकलेला आवाज तिने टिटवीला पुन्हा लावायला लावला.

"काय ठरलं?" घरी नवऱ्याने विचारलं.

"पाचवं गाणं फार लांबवलंय."

"अगं, मी काय विचारतोय?"

"माहीत नाही हो," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही."

त्या आठवड्यात तिने साप्ताहिकाला पत्र पाठवलं. त्यात पाचवं गाणं आणि शेवटचं गाणं एवढंच होतं. तिसऱ्या गाण्याबद्दल तिने तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. पत्र छापून आलं. पुढच्याच अंकात कुणीतरी उत्तर दिलं, "पाचवं गाणं कळायला वय लागतं. पत्रलेखिका बहुधा तरुण असाव्यात." मावशीने ते दवाखान्यात दोनदा वाचलं. खूश व्हावं की चिडावं, तिला कळेना. मग फोन वाजला, आणि ती उद्याच्या वेळा बघायला लागली.